दोनशे दहाचा भाव

टिंबकाका हे नाव त्यांना आमच्या छपाईखात्याने ठेवलं होतं. ते वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते आणि सव्वीस वर्षं त्यांच्याकडे एकच पान होतं, शेअरबाजाराच्या भावांचं. बातम्या, अग्रलेख, पुरवण्या हे सगळं इतरांकडे. ज्या पानावर धड एक वाक्य नाही, नुसती कंपन्यांची नावं आणि आकडे, ते पान कधीतरी काकांच्या गळ्यात पडलं आणि पडलं ते पडलंच. मुंगीएवढा टाइप, आठ रकाने, बाराशेच्या आसपास ओळी. पाच वाजता भाव यायचे, सातला पान सोडायचं. बातमीत काना चुकला तर वाचणारा हसून पुढे जातो. भावात टिंब चुकलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी संपादकांचा फोन वाजतो. म्हणून काका दर चार ओळींनी विचारायचे, "टिंब कुठाय?" त्यावरून टिंबकाका.

मी त्यांची वाचक होते. म्हणजे मूळ कागद हातात धरून मी मोठ्याने वाचायचं आणि त्यांनी समोरच्या मुद्रितावर लाल पेन्सिल फिरवत ऐकायचं. नऊ वर्षं मी हे केलं. "दोन टिंब एक शून्य. अठरा टिंब शून्य शून्य. शून्य टिंब सात पाच." पहिल्या वर्षी घरी जाईपर्यंत घसा बसलेला असायचा. मग घसा सरावला, आणि तोंड आकडे वाचत असताना मन भलतीकडे फिरून यायला शिकलं. एवढे भाव नजरेखालून गेले, पण काकांनी जन्मात एक शेअर घेतला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अगं, पोस्टमन काय सगळ्यांची पत्रं फोडून वाचतो?"

काका निवृत्त झाले आणि वर्षभरात वर्तमानपत्राने ते पानच बंद केलं. भाव आता ज्याच्या त्याच्या फोनवर होते. माझी नोकरी गेली. 'आकड्यांची सवय आहे' एवढ्या एका गुणावर मला एका शेअरदलालाच्या ऑफिसात जागा मिळाली. तळमजला, दुधी काचेचं दार, भिंतीला लावलेल्या चार खुर्च्या, त्यातल्या एकीचा हात निखळलेला. अर्ज भरायचे, खाती उघडून द्यायची, आणि लोक विचारतील त्याची उत्तरं द्यायची. जे आकडे मी नऊ वर्षं नुसते ओरडत होते त्यांना अर्थही असतो, हे मला तिथे कळलं. फार काही आनंद झाला नाही. बहुतेक वेळा तो अर्थ समोरच्याला सांगावा लागतो, आणि समोरच्याला तो नको असतो.

यंदा एका मंगळवारी दुपारी काका दार ढकलून आत आले. पाच वर्षांत दोनदाच भेट झाली होती. शर्टाची कॉलर सैल पडली होती, चालताना पाय जरा घासत होते. नेमके त्या हात निखळलेल्या खुर्चीत बसले आणि आधाराला हात टाकायला गेले तर खाली काही नव्हतंच.

"बाई, तुझ्याकडे पाणी आहे का?" ते म्हणाले. पाणी प्यायले, बराच वेळ ग्लास हातात धरून बसले आणि मग म्हणाले, "एका कंपनीचे जुने भाव हवेत. पार चौदा वर्षांपासूनचे. कागदावर."

"काका, आता या वयात?"

"माझ्यासाठी नाही गं. मिस्त्रींसाठी."

मिस्त्री म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पस्तीस वर्षं लेथ मशीनवर काम केलेला माणूस. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, बायकोसुद्धा. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका पाइप बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले होते, नऊच्या भावाने, अकरा हजार. आता भाव दोनावर होता. असले शेअर आमच्या ऑफिसात रोज दिसतात. आम्ही त्यांना चिल्लर म्हणतो. पण मिस्त्रींनी आता नवंच काढलं होतं. निवृत्तीचा सगळा फंड याच कंपनीत घालायचा.

बहिणीने काकांना फोन केला होता. "दादा, तू सव्वीस वर्षं ते पान वाचलंस. तू सांगितलंस तर ऐकतील. मी बोलून बोलून दमले रे. आता आमच्या घरात भाजी कोणती करू हे विचारलं तरी ते दोनशे दहा म्हणतात."

काका रविवारी त्यांच्याकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मिस्त्रींनी स्वतः केलेलं टेबल, आणि भिंतीवर हत्यारांची फळी. प्रत्येक हत्याराच्या मागे त्याचीच आकृती काळ्या रंगाने काढलेली, म्हणजे एखादं जागेवर नसेल तर लगेच कळावं. मिस्त्री बोलायला बसले तेच फोन पुढे करून.

"हे बघा दादा. चौदा वर्षांचा आलेख." पडद्यावर डावीकडे एक उंच सुळका होता आणि तिथून रेघ उतरत उतरत उजवीकडे जमिनीला टेकली होती. "इथे बोट ठेवलं की भाव दिसतो. दोनशे दहा. दिसला? आणि आज दोन. जी कंपनी दोनशे दहाला होती ती दोनला किती दिवस राहील? पन्नासला आली तरी आपलं सोनं झालं. दोनशे दहा सोडाच."

"पण पडला का एवढा?"

"मंदी. सगळंच पडलं होतं. माल चांगला आहे हो त्यांचा. मी त्यांचे साचे कातलेत. केसाएवढा फरक चालायचा नाही त्यांना. असली कंपनी बुडत नसते. आणि आता चढायला लागलाय. महिन्याभरात दीडवरून दोन. हीच वेळ आहे."

काकांनी तो आलेख डोळ्यांजवळ धरून पुन्हा पुन्हा पाहिला. त्यांना सुळक्यातलं काही कळत नव्हतं. पण कंपनीचं नाव ओळखीचं होतं. त्यांच्या पानावर ती सहाव्या रकान्यात तळाकडे असायची. आणि त्या ओळीत तीन आकडी भाव कधी आल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"मिस्त्री, ही कंपनी दोनशेला कधी नव्हती," ते म्हणाले.

मिस्त्री हसले. "दादा, रागावू नका. तुम्ही टिंबं बघत होता. भाव कुठे बघत होता?"

हे काकांना लागलं. मला सांगतानासुद्धा त्यांनी ते वाक्य दोनदा सांगितलं.

मी कंपनीचे भाव काढले. तारीख, सुरुवातीचा भाव, वरचा, खालचा, बंद भाव आणि शेवटी उलाढाल. चौदा वर्षांचा रोजचा हिशेब म्हणजे कागदांचा चांगला जाड गठ्ठा झाला. आमचा छपाईयंत्रवाला शिपाई तोंड वाकडं करून दोनदा आत डोकावून गेला. काकांनी गठ्ठा पिशवीत घालून घरी नेला नाही. तिथेच त्या खुर्चीत बसले, खिशातून लाल पेन्सिल काढली आणि एकेक ओळ वाचायला लागले.

तीन दिवस ते येत होते. सकाळी अकराला यायचे, चारला उठायचे. मी कामात असायची, पण नजर जायचीच. माणूस जन्मभर ज्या पद्धतीने वाचत आला त्याच पद्धतीने वाचत होता. बोट ओळीखाली, ओठ किंचित हलताहेत. चुका शोधत होते. पानंच्या पानं लाल होत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी एक पान पुढे सरकवलं. "हे बघ. अकरा ओळी दुबार पडल्या आहेत. चार टिंब तीन पाच, चार टिंब तीन पाच, खाली तेच, खाली तेच. टाइप जुळवणाऱ्याने लक्षच दिलेलं नाही. असल्या तीसेक जागा सापडल्या मला."

"काका, ती चूक नाही. शेवटचा रकाना बघा."

"शून्य."

"म्हणजे त्या दिवशी कोणी घेतलाच नाही, कोणी विकलाच नाही. सौदा झाला नाही की आदल्या दिवसाचा भाव तसाच पुढे येतो. अकरा दिवस त्या कंपनीकडे कोणी फिरकलंच नाही."

त्यांनी शेवटच्या रकान्यावरून बोट खालपर्यंत नेलं. "आपल्या पानावर हा रकानाच नव्हता."

"नव्हता. जागा नव्हती."

"मग लोकांना वाटत असणार, भाव आहे म्हणजे माल खपतोय."

"वाटतंच."

त्यांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि केलेल्या तीसेक खुणा एकेक करून खोडायला बसले. मला ते बघवेना. मी म्हटलं, "राहू दे हो काका, कोण बघणार आहे." तर म्हणाले, "चुकीची खूण ही पण चूकच."

तिसऱ्या दिवशी ते त्या दोनशे दहाजवळ पोचले. खरं तर ते पान गठ्ठ्यात सगळ्यात आधी होतं. ते त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. मला हाक मारली. तारीख होती, आणि बंद भाव होता दोनशे दहा टिंब शून्य शून्य.

"हे बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.

मी कंपनीची जुनी नोंद उघडून पाहिली, आणि माझ्या लक्षात आलं. असल्या कंपन्यांत हे नेहमीचं आहे, तरी दर वेळी कोणीतरी फसतं.

"काका, आठ वर्षांपूर्वी या कंपनीने शेअर एकत्र केलेत. शंभर जुन्यांचा मिळून एक नवा. भाव फार खाली गेला होता, तीस पैशांच्या आसपास. लोकांना लाज वाटू नये म्हणून असं करतात. ज्याच्याकडे शंभर होते त्याच्याकडे एक राहिला आणि तीस पैशांचा भाव तीस रुपये झाला. कोणाला काही मिळालं नाही, कोणाचं काही गेलं नाही. पण मग मागचे भाव आणि पुढचे भाव एका आलेखावर कसे बसणार? म्हणून संगणक मागचे सगळे भाव शंभराने गुणतो. दोन टिंब एक शून्य होता, तो दोनशे दहा दिसतो."

"म्हणजे दोनशे दहा कधी नव्हताच."

"त्या दिवशी बाजारात दोनशे दहा देऊन कोणीही हा शेअर घेतलेला नाही. दोन रुपये दहा पैशाला घेतला."

मला वाटलं ते खूश होतील. मिस्त्रींपुढे त्यांचंच बरोबर निघालं होतं. पण ते म्हणाले, "हे तू म्हणतेस. संगणक म्हणतो दोनशे दहा. मिस्त्री कोणाचं ऐकतील? मला छापलेला कागद पाहिजे."

म्हणून शनिवारी दुपारी आम्ही दोघं आमच्या जुन्या वर्तमानपत्राच्या इमारतीत गेलो. दारावरचा पहारेकरी नवा होता. काकांनी आपली ओळख सांगितली तर त्याने वहीत नाव लिहायला लावलं. जुन्या अंकांचे बांधीव खंड तळघरात असतात. दिव्याची नळी फडफडत होती, कागदाला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. त्या वर्षाचा खंड वरच्या फळीवर होता आणि तो आम्हा दोघांना मिळूनसुद्धा नीट उतरवता येईना. शेवटी जमिनीवरच टेकवला आणि दोघंही फरशीवर बसलो.

पान सापडलं. सहावा रकाना, तळाकडे. दोन टिंब एक शून्य. मी ते बहुतेक मोठ्याने वाचलं होतं तेव्हा, आणि त्यांनी ऐकून खूण केली होती. दोघांनाही तो दिवस आठवत नव्हता. अशा हजारो दिवसांतला एक. काकांनी मग त्या वर्षाची उरलेली भावांची पानंही एकेक करून चाळली.

"झालं," मी म्हटलं. "फोटो काढते."

"थांब. ती एकत्र केल्याची जाहिरात असेल ना? कंपन्या सूचना देतात. आपल्याकडे भावांच्या पानाखालीच यायच्या."

आठ वर्षांपूर्वीचा खंड खाली होता, तो सोपा गेला. तारीख मला माहीत होती. पानाच्या तळाशी, भावांपेक्षाही बारीक टाइपात, चौकटीत चार ओळी होत्या. "कंपनीच्या प्रत्येक शंभर समभागांचे एका समभागात एकत्रीकरण करण्यात येत असून..." काकांनी चष्मा वर केला, डोळे कागदाला जवळजवळ टेकवले. मग सरळ बसले.

"मी ही वाचलीय," ते म्हणाले. "एकत्रीकरणातला त्री ऱ्हस्व पडला होता. मी दीर्घ केला. मला चांगलं आठवतंय, दुसऱ्या मुद्रितातही ऱ्हस्वच आला होता म्हणून मी स्वतः वर जाऊन जुळवणाऱ्याला सांगून आलो. आणि त्या ओळीत काय म्हटलंय, ते मी वाचलंच नाही."

"मीही तुम्हाला वाचून दाखवली असेल की. मला तर आठवतही नाही."

"तुला कशाला दोष देऊ? तू तेव्हा झोपेत वाचायचीस."

आम्ही दोघंही हसलो, पण फार वेळ नाही. खंड पुन्हा जागेवर ठेवताना त्यांच्या कमरेत उसण भरली आणि जिना चढायला आम्हाला चांगली दहा मिनिटं लागली.

रविवारी मिस्त्रींकडे मीही गेले. काकांच्या बहिणीनेच फोन करून बोलावलं होतं. "तुम्ही त्या ऑफिसातल्या आहात. दोघांचं भांडण झालं तर मध्ये कोणीतरी हवं." भांडण झालं नाही. त्यापेक्षा अवघड झालं.

काकांनी फोटो दाखवले, सूचनेची चौकट वाचून दाखवली. मिस्त्री ऐकत होते. त्यांची बोटं टेबलाच्या कडेवरून पुढेमागे फिरत होती, जणू कड गुळगुळीत आहे का ते बघताहेत.

"हा छापलेला भाव चुकीचा असेल," ते म्हणाले.

"मी तपासलेला आहे."

"तुमच्याकडून चूक झाली नसेल कशावरून?"

"झालेल्या आहेत. बऱ्याच. पण त्या वर्षीची सगळी पानं चाळली मी काल. एकही दिवस तीन आकडी नाही. अडीचशे दिवस चूक करायला मी काही शुद्ध हरपून बसलो नव्हतो, मिस्त्री."

मग मी गठ्ठ्यातलं शेवटचं पान पुढे केलं. गेल्या महिन्याचं. "भाव चढलाय हे खरं. पण शेवटचा रकाना बघा. एक दिवस चाळीस शेअर. एक दिवस पंधरा. एक दिवस सात. सात शेअर कोणीतरी जरा वरच्या भावाने घेतले की आलेखावर रेघ वर जाते. तुमच्याकडे अकरा हजार आहेत. ते घ्यायला तिथे कोणी उभं नाही."

मिस्त्रींनी पान घेतलं. बोट ओळीवर ठेवून प्रत्येक आकडा पाहिला. बहीण दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हातातलं फडकं पिळत.

"मी नऊला घेतला," मिस्त्री हळूच म्हणाले. "म्हटलं, दोनशे दहाचा माल नऊला मिळतोय."

काकांनी फोटोतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तेव्हाच्या हिशेबाने नऊ म्हणजे किती?"

"शून्य टिंब शून्य नऊ," काका म्हणाले.

मिस्त्री उठले. आम्हाला वाटलं ओरडतील. त्यांनी फळीवरचा एक पाना काढला, हातात धरला, पुन्हा लावला. मग आमच्याकडे पाठ करूनच बोलले. "माझ्या कामात शंभरपट चूक म्हणजे काय माहितीय का? एक मिलिमीटरच्या जागी अर्धी वीत. आंधळ्यालासुद्धा दिसेल. आणि मला तीन वर्षं दिसली नाही. रोज बघत होतो. रोज!" आवाज चढला, मग एकदम बसला. "दादा, तुम्ही आता जा. राग नाही. पण जा."

बहीण आम्हाला जिन्यापर्यंत पोचवायला आली. तिने काकांचा हात धरला, म्हणाली, "बरं केलंस रे," आणि रडायला लागली. काका तिच्या खांद्यावर थोपटत राहिले. जिन्यात त्यांनी मला विचारलं, "बरं केलं का गं?" या नोकरीत मी अशी कितीतरी घरं बघितली आहेत. कागद दाखवणाऱ्याचं कौतुक करायला कोणी मोकळं नसतं.

तीन आठवडे काहीच कळलं नाही. काका फोन उचलत नव्हते. उचलला तेव्हा म्हणाले, "झोपून होतो. कंबर धरलीय." कंबर धरली होती हे खरं, पण नुसती कंबर नव्हती.

मग एका सोमवारी मिस्त्री आमच्या ऑफिसात आले. एकटे. स्वच्छ शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीत शेअरखात्याचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले. "विकायचे आहेत," एवढंच म्हणाले. मी विक्रीची मागणी टाकली. दोनच्या भावाला साठ शेअर घेणारा एकजण निघाला. बास. मग भाव एक टिंब नऊवर आला. दुसऱ्या दिवशी दीडशे गेले. तिसऱ्या दिवशी एकही नाही.

ते रोज यायला लागले. घरून फोनवरही करता आलं असतं, मी दोनदा सांगितलं. म्हणाले, "घरी बसून तोच पडदा बघत बसलो तर पुन्हा काहीतरी वाटायला लागेल मला. इथे बरं. तुम्ही आहात." दुसऱ्या आठवड्यात काकाही आले. कमरेला पट्टा, हातात काठी. मिस्त्री उठले, त्यांना धड हाताची खुर्ची दिली आणि स्वतः मोडक्या खुर्चीत बसले. दोघं शेजारी बसून राहायचे. बोलणं फारसं नाही. कधी मिस्त्री विचारायचे, "आज किती?" मी म्हणायची, "नव्वद." ते मान हलवायचे. एकदा पाच दिवसांनी एकदम दोन हजार गेले तर मिस्त्रींनी सगळ्यांना चहा पाजला, आणि चहा पिता पिता म्हणाले, "बिचारा कोण असेल तो? त्यानेही तो सुळका बघितला असणार."

मला ते नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं. विकणाऱ्याच्या बाजूने बसलं की आपण सुटतो, पण कोणीतरी अडकल्याशिवाय सुटत नाही. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी विक्री थांबवा म्हणून सांगितलं. मग दोन दिवसांनी पुन्हा सुरू करा म्हणाले. "बायकोने समजावलं," एवढंच कारण दिलं. त्या माउलीने काय समजावलं असेल याची मला कल्पना आहे. घरात दोघंच, आणि पुढे म्हातारपण.

असं सात आठवडे चाललं. निम्म्याहून जरा जास्त शेअर विकले गेले, एकाच्या खालपर्यंत घसरत गेलेल्या भावाने. मग बाजाराने त्या कंपनीचे व्यवहारच थांबवले. हिशेब वेळेवर दिले नाहीत म्हणून. उरलेले पाच हजार आहेत तसे खात्यात पडून आहेत. भाव अजून दिसतो, थांबला त्या दिवशीचा. मी मिस्त्रींना सांगितलं, हा बघू नका, याला काही अर्थ नाही. त्यांनी फोनवरून ते ॲप माझ्यासमोर काढून टाकलं. ते कसं काढायचं हे त्यांना माहीत नव्हतं, मी दाखवलं. आणि निघताना म्हणाले, "बाई, तुम्हाला रोज असली माणसं भेटत असतील."

"भेटतात."

"दमत असाल."

एवढं मला या खुर्चीवर बसल्यापासून कोणी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं.

फंड वाचला. तो बँकेत आहे आणि त्याचं व्याज थोडं आहे, म्हणून मिस्त्री आठवड्यातले तीन दिवस एका छोट्या कारखान्यात जातात. मशीनवर उभं राहवत नाही, बसून तयार मालाची मापं तपासतात. परवा काकांच्या बहिणीचा फोन आला होता, त्यांच्या कमरेसाठी कोणता डॉक्टर चांगला ते विचारायला. मी विचारलं, दोघांचं बरं आहे ना?

"बरं आहे हो," ती म्हणाली. "दादा दर रविवारी येतो. आधी वाटायचं, काय बोलणार हे दोघं. पण बोलत नाहीतच. जेवतात, वर्तमानपत्राचं अर्धं अर्धं पान वाटून घेतात आणि दहा मिनिटांत दोघंही बसल्या जागी झोपतात. मी आवराआवर करत असते, भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून जपते. आत्ताही झोपलेत. म्हणून हळू बोलतेय."

मी तिला डॉक्टरांचा नंबर दिला. तिने तो हळू आवाजात, एकेक आकडा करून, परत म्हणून दाखवला.